जाम झालेला ब्रेक आणि घर्षणाचा अपुरा धडा

घर्षणाचा धडा आपण सर्वांनीच शिकलेला आहे. टेबलावर लाकडी ठोकळा ठेवायचा, त्याला दोरा बांधून तो कप्पीवरून पलीकडे सोडायचा, दोऱ्याच्या टोकाच्या पारड्यात एकेक वजन टाकीत जायचे आणि ठोकळा सरकू लागला की वजनांची बेरीज करायची. तिला ठोकळ्याच्या वजनाने भागले की घर्षणांक मिळतो. तो वहीत लिहिला, गुरुजींची सही झाली, की प्रकरण संपते. माझी तक्रार या प्रयोगाविषयी नाही. तो चांगलाच आहे. तक्रार ही की आपण तेथेच थांबतो, आणि घर्षणांक म्हणजे लाकडाच्या किंवा लोखंडाच्या कपाळावर कायमचा लिहिलेला आकडा आहे अशी समजूत घेऊन मुले महाविद्यालयात येतात. पहिल्या वर्षाच्या वर्गाला पदार्थविज्ञान शिकवताना ही समजूत मला दरवर्षी नव्याने भेटते.

ती मोडायला जाम झालेल्या ब्रेकइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही. आणि आमच्या मीरा-भाईंदरमध्ये त्याचा तुटवडा नाही.

पावसाळाभर आवारात आच्छादन घालून ठेवलेली जुनी मोटार दसऱ्याच्या सकाळी धुवायला आणि हार घालायला बाहेर काढावी, तर ती जागची हलत नाही. इंजिन सुरू होते, गियर पडतो, पण एखादे चाक जमिनीला खिळल्यासारखे राहते. मिस्त्री येतो, चाकाकडे पाहतो आणि म्हणतो, "ब्रेक जाम झालाय." ज्या गाड्यांना ड्रम ब्रेक असतात त्यांचे हँडब्रेक ओढून ठेवले तर असे होतेच, पण तबकडीचे म्हणजे डिस्क ब्रेक असलेली, हौसेने बाळगलेली, वर्षातून चार वेळा बाहेर निघणारी शर्यतीच्या धाटणीची जुनी गाडी असेल, तर तिच्यात हा प्रकार हमखास पाहायला मिळतो. गोव्यात तयार झालेली सॅन स्टॉर्म ही दोन आसनी, उघड्या टपाची गाडी तुमच्यापैकी काहींनी चित्रात तरी पाहिली असेल. तिची काया फायबरग्लासची. फायबरग्लासला गंज चढत नाही, म्हणून मालक निश्चिंत असतो. पण कुठल्याही गाडीची काया कशाचीही असली तरी ब्रेकची तबकडी सहसा बिडाचीच असते, आणि खारी हवा नेमकी तिलाच शोधीत येते.

आता या ब्रेकची रचना थोडी पाहू या. चाकाबरोबर फिरणारी बिडाची तबकडी, तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरणारे दोन पॅड आणि ते दाबणारा पिस्टन. हा पिस्टन ज्या ओतीव घरात बसतो त्याला कॅलिपर म्हणतात. तुम्ही पायाने पेडल दाबता तेव्हा पास्कलचा नियम कामाला लागतो. समजा पायाचा जोर २५० न्यूटन आहे. पेडल ही तरफ असते. तिने तो चौपट केला, १००० न्यूटन झाला. हा जोर मास्टर सिलिंडरच्या ३ चौरस सेंटिमीटर पिस्टनवर पडला, तर द्रवात दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ३३३ न्यूटन इतका दाब निर्माण होतो. चाकाजवळचा पिस्टन १८ चौरस सेंटिमीटरचा असेल तर पॅडवर ६००० न्यूटनचा रेटा येतो. अडीचशेचे सहा हजार! पॅड आणि बीड यांचा घर्षणांक ०.३५ धरला, तर दोन पॅड मिळून तबकडीला ४२०० न्यूटनने अडवतात.

इथपर्यंत पाठ्यपुस्तकेही सांगतात. पुढचा प्रश्न मात्र मुले क्वचितच विचारतात: पाय उचलला की पॅड मागे कोण आणतो? ड्रम ब्रेकमध्ये त्यासाठी चांगल्या दणकट स्प्रिंगा असतात. डिस्क ब्रेकमध्ये बहुधा तसे काही नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचे एक रबरी कडे असते. पिस्टन पुढे सरकताना ते किंचित पिळवटते, आणि दाब गेला की पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. परतीची सारी व्यवस्था म्हणजे हे कडे. पुढे ढकलायला सहा हजार न्यूटन आणि मागे आणायला रबराची लवचीकता! गाडी रोज चालत असते तोवर हे पुरते, कारण फिरती तबकडीच पॅडला हलकेच बाजूला सारते. गाडी उभी राहिली की हा आधार गेला. पिस्टनच्या बाजूंवर थोडा गंज धरला, किंवा कॅलिपर ज्या खिळ्यांवर सरकतो त्यांवरचे ग्रीस वाळले, तर रबराचे काही चालत नाही. जाम होण्याचे मूळ माझ्या मते या विषमतेत आहे. केवळ "गंज लागला" म्हणून सोडून देणे म्हणजे अर्धे उत्तर झाले.

तरीही गंजाकडे वळलेच पाहिजे, कारण इथे आमच्या गावाचा भूगोल मध्ये येतो. उत्तरेला वसईची खाडी, पश्चिमेला उत्तन आणि समुद्र, आणि भाईंदरची ती प्रसिद्ध मिठागरे. हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात आणि ते प्रत्येक पृष्ठभागावर बसतात. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते हे तुम्ही पाहिले आहे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतली वाफ ओढून घेते आणि स्वतःच तिच्यात विरघळते. किनाऱ्यावर जून ते सप्टेंबरपर्यंत आर्द्रता बहुतेक वेळ या रेषेच्या वरच असते. म्हणजे आच्छादनाखालच्या तबकडीवर पावसाचा थेंबही पडला नाही, तरी तिच्यावर मिठाच्या पाण्याचा पातळ थर चार महिने नांदतो. खारे पाणी विजेचे चांगले वाहक; लोखंडाने इलेक्ट्रॉन सोडावेत आणि ऑक्सिजनने ते घ्यावेत या व्यवहाराला त्याने वाट मोकळी होते. पॅडच्या मिश्रणातही बऱ्याचदा लोखंडाचा चुरा किंवा पोलादाचे तंतू असतात. तबकडी इकडून गंजते, पॅड तिकडून गंजतो, आणि दोन्ही गंज मध्ये एकमेकांत मिसळून जातात. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीहून अधिक जागा व्यापतो, त्यामुळे आधीच चिंचोळ्या फटीत तो पाचरीसारखा रुततो.

याला आता घर्षण म्हणायचे का? इथे आपल्या ठोकळ्याच्या प्रयोगाची आठवण काढा. १६९९ साली आमाँताँ याने घर्षणाचे नियम मांडले. तेच आपण आजही शिकतो. पण त्यानंतर शंभर वर्षांच्या आत कूलोम याने, होय, विद्युत्‌प्रभारांच्या नियमाचा तोच कूलोम, फ्रान्समधल्या रोशफोर येथील गोदीत घर्षणाचे पुष्कळ प्रयोग केले. त्याचा ग्रंथ १७८५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला असे आढळले की लाकडावर लाकूड ठेवून दिले, तर ते हलवायला लागणारे बल विश्रांतीच्या काळाबरोबर वाढते. ठोकळा ठेवल्याबरोबर ओढला तर एक उत्तर, काही वेळाने ओढला तर दुसरे. विसाव्या शतकात केंब्रिजमध्ये बोडन आणि टेबर यांनी दाखवून दिले की डोळ्यांना गुळगुळीत दिसणारे दोन पृष्ठभाग प्रत्यक्षात त्यांच्या उंचवट्यांच्या टोकांवरच टेकलेले असतात, आणि त्या टोकांशी ते एकमेकांना अक्षरशः जोडले जातात. घर्षणाचा मोठा भाग म्हणजे हे सांधे मोडण्याचा खर्च. काळ जातो तसे सांधे वाढतात. जाम झालेला ब्रेक हे त्याचे टोकाचे उदाहरण, जिथे रसायनाने सांधेजोडणीचे काम स्वतःच्या हाती घेतले आहे. घर्षण कोठे संपते आणि चिकटणे कोठे सुरू होते, याची रेघ निसर्गाने आखलेली नाही. ती आपल्या अनुक्रमणिकेत आहे.

विद्यार्थ्यांना हे जड जाईल असे काही शिक्षकमित्र म्हणतात. मला तसे वाटत नाही. जड जाते ते सूत्र; अडकलेले चाक कोणालाही कळते.

आता ते चाक सोडवायचे कसे? बहुतेकांना सुचणारे दोन्ही उपाय चुकीचे आहेत, आणि का चुकीचे आहेत ते पाहण्यासारखे आहे.

पहिला उपाय म्हणजे गियर टाकून जोरात रेटणे. पहिल्या गियरमध्ये इंजिनाची पीळ चाकापर्यंत कित्येक पट होऊन पोहोचते, तेव्हा काहीतरी तुटेल यात शंका नाही. पण काय तुटेल? दोरी तिच्या कच्च्या जागी तुटते. पॅड म्हणजे पोलादी पाटीवर चिकटवलेला घर्षणद्रव्याचा थर. पाटीही गंजलेली असेल तर तबकडीशी झालेल्या गंजाच्या सांध्याऐवजी पाटीवरचा थरच उखडून येतो. गाडी "सुटली" म्हणून मालक खूश होतो, आणि पुढच्या ब्रेकला पोलाद बिडावर घासते.

दुसरा उपाय तेल. गंज दिसला की तेल घालावे हे आपल्या हाडीमाशी खिळलेले आहे; बिजागरी, कुलूप, सायकलची साखळी, सगळीकडे ते बरोबरही ठरते. पण अख्ख्या मोटारीत ब्रेकचा पॅड हीच तर अशी जागा आहे, जिथे घर्षण आपण पैसे देऊन विकत घेतलेले असते. पॅडची माती सच्छिद्र असते. तिच्यात एकदा तेल मुरले की ते पुसून निघत नाही. असा पॅड फेकूनच द्यावा लागतो.

जाणता मिस्त्री यांतले काही करीत नाही. तो बाकीच्या चाकांना दगड किंवा लाकडी ठोकळे लावतो, हँडब्रेक सोडतो आणि गाडी हाताने पुढे-मागे हलकेच हलवून पाहतो. कोवळा गंज तेवढ्याने सुटतो. नाही सुटला तर जॅक लावून, खाली भक्कम आधार देऊन चाक काढतो, आणि मग जे करतो ते मला फार आवडते. तो पाना घेऊन आधी मास्टर सिलिंडरजवळचा सांधा किंचित सैल करतो. चाक मोकळे झाले तर दोष मास्टर सिलिंडरचा. तोच दाब सोडीत नव्हता. झाले नाही तर तो सांधा आवळून चाकाजवळचे निपल उघडतो. आता द्रवाची चिळकांडी उडून चाक फिरू लागले तर दोष मधल्या रबरी नळीचा. जुनी नळी आतून फुगते. पायाच्या जोरापुढे ती द्रवाला पुढे जाऊ देते, पण परतीचा मंद दाब तिच्यातून वाट काढू शकत नाही. निपल उघडूनही चाक ढिम्म राहिले, तर द्रव निर्दोष ठरला. मग अडकला आहे तो पिस्टन, सरकखिळा किंवा खुद्द पॅड, आणि कॅलिपर उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीला एकच गोष्ट बदललेली. प्रयोगाची हीच रीत आम्ही महाविद्यालयात फळ्यावर लिहून देतो आणि मुले ती पाठ करतात. हातात पाना घेतलेला, कदाचित आठवीत शाळा सुटलेला माणूस ती रोज पाळतो. तिला नाव मात्र देत नाही. त्याच्या ज्ञानाला आपण "अनुभव" म्हणतो आणि आपल्या ज्ञानाला "विज्ञान", हा भेद मला मान्य नाही. मात्र त्याच मिस्त्रीच्या एका सवयीविरुद्ध तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवे. ब्रेक उघडला की आतली काळी भुकटी तो कॉम्प्रेसरच्या हवेने फुंकून उडवतो. जुन्या पॅडांत आणि लायनरांत ॲस्बेस्टॉस वापरीत असत. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की तेथेच राहतात आणि कित्येक वर्षांनी असाध्य रोग देतात. युरोपीय संघाने २००५ पासून ॲस्बेस्टॉसच्या वापरावर बंदी घातली आहे. जुन्या गाडीतला किंवा जुन्या साठ्यातला पॅड कशाचा आहे हे नुसते पाहून कळत नाही, म्हणून ती भुकटी कधीही फुंकू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. गॅरेजमध्ये हाताखाली काम करणारी मुले तुमच्याच वयाची असतात. हे त्यांना कोण सांगणार?

अर्धवट सुटलेल्या ब्रेकविषयीही सांगितले पाहिजे, कारण खरा धोका तेथे आहे. चाक फिरते, गाडी चालते, फक्त एक पॅड तबकडीला घासत राहतो. समजा हा अडथळा २०० न्यूटन एवढाच आहे आणि गाडी ताशी ५४ किलोमीटरने, म्हणजे सेकंदाला १५ मीटर वेगाने चालली आहे. दोहोंचा गुणाकार ३००० वॉट. घरातल्या तीन इस्त्र्या त्या एका चाकात पेटल्या म्हणा ना! मिनिटाला १,८०,००० ज्यूल होतात. आता दुसरा हिशोब करा: ९०० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटरवरून पूर्ण थांबवली तर किती ऊर्जा उष्णतेत जाईल? तेवढीच, १,८०,००० ज्यूल. ती चार चाकांत वाटली जाते. इथे मात्र दर मिनिटाला तेवढी उष्णता एकट्या चाकात पडते आहे. तबकडी ५ किलोग्रॅमची धरली आणि तिला वारा लागलाच नाही असे मानले, तर तापमान मिनिटाला ८० अंशांनी चढेल. वारा लागतो म्हणून ते कोठेतरी थांबते, पण बरेच वर जाऊन थांबते.

ही उष्णता पिस्टनमागच्या द्रवाला मिळते. त्याला सगळे ब्रेक ऑइल म्हणतात, पण बहुतेक गाड्यांत ते तेल नसून ग्लायकॉलच्या कुळातले रसायन असते, आणि मिठासारखेच तेही हवेतले पाणी ओढते. डॉट ३ या प्रतीचे ताजे द्रव किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये अशी अट आहे. पाणी मुरलेल्या द्रवासाठी तीच अट १४० अंशांवर उतरते. काशिमिऱ्याहून घोडबंदर रस्त्याने निघालेली अशी गाडी गायमुखच्या घाटातला उतार उतरते आहे, आणि नेमके तेव्हा द्रव उकळले असे समजा. वाफ दाबली जाते, द्रव दाबले जात नाही. पाय पेडलवर जोर देतो आणि पेडल तळापर्यंत जाते; पास्कलच्या नियमाला धरायला काही उरलेलेच नसते. दसऱ्याला गाडी सुटली, हार घातला, आता एक फेरी मारून येऊ, असे म्हणणाऱ्या शेजाऱ्याला तुम्ही हा हिशोब जरूर दाखवा. फेरीपूर्वी द्रव बदलून घ्यायला त्याला फारसा खर्च येणार नाही.

इतकी भानगड असेल तर ड्रमच काय वाईट होते, असे कोणी विचारील. आपल्याकडे अँबॅसडर आणि फियाट दीर्घकाळ ड्रमवरच धावल्या हे खरे. परंतु ड्रम तापला की फुगून आतल्या पट्ट्यांपासून दूर जातो आणि उष्णता आत कोंडते. तबकडी उघड्यावर असल्याने लवकर निवते. १९५३ साली ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डनलॉपचे डिस्क ब्रेक बसवलेल्या जॅग्वार गाडीने जिंकली, तीही ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी वेगाने. त्यानंतर शर्यतीच्या गाड्यांना डिस्क ब्रेक पाहिजेच असे झाले. उघडेपणा हा तिचा गुण. तोच उघडेपणा खाडीकाठी तिच्यावर मीठ बसवतो. इंग्लंड-फ्रान्समध्ये घडलेली वस्तू भाईंदरच्या पावसाळ्यात कशी वागेल हे आपणच पाहायचे असते.

आच्छादनाबद्दल माझे मत विचाराल तर जमिनीपर्यंत लोंबणारे प्लॅस्टिकचे आच्छादन मी कोणत्याही गाडीवर घालणार नाही. ते पाऊस अडवते तसेच आतली ओलही अडवते. वर छप्पर, बाजूंनी वारा, हँडब्रेक सोडलेला, गियर टाकलेला, चाकांना ठोकळे, आणि आठवड्यातून एकदा का होईना, पंधरा-वीस मिनिटांची फेरी व तीत चार वेळा दाबलेला ब्रेक, एवढे केले तर बहुतेक गाड्यांवर मिस्त्री बोलावण्याची वेळ येणार नाही.

शिक्षकांकडे माझी मागणी साधी आहे. प्रत्येक माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत भंगारातून आणलेला एक कॅलिपर आणि एक झिजलेली तबकडी असावी. महागड्या काचेच्या उपकरणांपेक्षा ती स्वस्त पडते आणि फुटत नाही. जुने पॅड मात्र आणू नका. कारण वर सांगितलेच आहे. पॅडच्या जागी लोखंडी पट्ट्या वापरा. सारख्या मापाच्या पट्ट्यांच्या तीन जोड्या घ्या, काचकागदाने घासून स्वच्छ करा, आणि प्रत्येक जोडी एकावर एक ठेवून वर सारखे वजन ठेवा. पहिली कोरडी, दुसरीच्या मध्ये साध्या पाण्याचे चार थेंब, तिसरीच्या मध्ये मिठाच्या पाण्याचे. अशा जोड्यांचे चार संच करा. पहिला संच लगेच, दुसरा एका दिवसाने, तिसरा आठवड्याने आणि चौथा पंधरवड्याने स्प्रिंगकाट्याने आडवा ओढा, आणि वरची पट्टी सुटताना काटा कोठे होता ते लिहून ठेवा. ओढताना जोर हळूहळू वाढवा आणि डोळे काट्याच्या रेषेत ठेवू नका, कारण मिठाच्या पाण्यातली पंधरवड्याची जोडी सुटते तेव्हा झटक्याने सुटते.